माझ्या खुर्चीवरची पर्स

‘जेवावं तर फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांच्या मुलखात, बाकी जगात माणूस नुसतं पोट भरतो.’

हे वाक्य मी एका शुक्रवारी सकाळी कागदावर उतरवलं, पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे कौतुकानं बघत बसलो. त्या मुलखात येऊन मला सहा दिवस झाले होते. सहाही दिवस मी मुगाची खिचडी खाल्ली होती.

खिचडीबद्दल तक्रार नाही. शरयूच्या हातची खिचडी फ्रान्समध्येही मिरजेइतकीच चांगली होते. पण एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी याच मुलखाबद्दल, ‘बर्गंडीत कुठे जेवाल?’ या विषयावर माझ्याकडून लेख मागवला होता आणि मी हो म्हणून बसलो होतो. न जेवता लेख लिहायला माझी तशी हरकत नव्हती. पस्तीस वर्षं मी वर्तमानपत्रात विनोदी सदर चालवलं. ज्या सभांना गेलो नाही त्यांचे वृत्तान्तच माझ्या हातून सगळ्यात सरस उतरले. लोक म्हणायचे, खांबेट्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मीही म्हणायचो.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

आमची मुलगी मुक्ता ल्यों शहरात एका प्रयोगशाळेत नोकरी करते. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होताहेत म्हणून तिनं आम्हाला बोलावून घेतलं आणि द्राक्षमळ्यांमधल्या एका खेड्यात आठवडाभरासाठी एक छोटं घर भाड्यानं घेऊन दिलं. शनिवारी सोडणार, पुढच्या शनिवारी न्यायला येणार. गावाचं नाव लिहायला सोळा अक्षरं लागत आणि उच्चारायला दोन. ती दोन कुठली यावर माझं आणि गावकऱ्यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. गावात एक चर्च, एक पावाचं दुकान, वाइनची अकरा तळघरं आणि एक खानावळ. चारही बाजूंनी द्राक्षांच्या रांगा, विंचरून भांग पाडल्यासारख्या.

घराच्या दारातच मी जाहीर केलं, “शरयू, हे आठ दिवस तू चुलीकडे बघायचंसुद्धा नाहीस. रोज बाहेर जेवायचं. हा माझा शब्द.”

“बाबा, इथे वेळा पाळाव्या लागतात हं,” मुक्ता म्हणाली. “दुपारी बारा ते दीड. दीडला स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. सोमवारी तर उघडतच नाहीत. आणि संध्याकाळी फक्त शनिवारी.”

“अगं, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला कुणी परत पाठवतं का?”

“पाठवतात,” मुक्ता म्हणाली.

शरयूनं बॅगेतून इरकल साडी काढली आणि हँगरला लावली. बाहेर जेवायला जायची म्हणून ती मुद्दाम आणली होती. बॅगेच्या तळाशी लहान कुकर होता, मूगडाळ, तांदूळ आणि पोहे होते.

“हे कशाला?” मी विचारलं.

“असू दे. तुमचा शब्द ठाऊक आहे ना, म्हणून आणलं.”

त्या संध्याकाळी मी प्रवासानं दमून झोपलो. उठलो तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती.

रविवारी मात्र कडक तयारीनं उठलो. साडेनऊ वाजले होते. चहा झाल्यावर मी म्हणालो, “जरा पोहे टाकतेस? मूठभर. पोहे म्हणजे काही चुलीकडे बघणं नव्हे.”

पोहे झाले. दहाला पोहे खाल्लेल्या माणसाला बाराला भूक लागत नाही, हा निसर्गाचा नियम आहे, मी काही केलेला नाही. मग आणखी एक चहा, मग अंघोळ. इरकल नेसून शरयू दाराशी उभी. “अहो, एक वाजत आला.” “आलोच.” आम्ही खानावळीत पोचलो तेव्हा दोनला पाच कमी होते.

खानावळ चालवणाऱ्या बाईंचं नाव मादाम गियो. पासष्टीच्या, रुंद खांद्यांच्या, कमरेला पांढरा एप्रन. स्वयंपाक त्याच करायच्या, वाढायच्याही त्याच. मी बोंजूर म्हणालो, त्याही म्हणाल्या. तिथे माझं फ्रेंच संपलं, म्हणून मी पाची बोटं जुळवून तोंडाकडे नेली. मादामनी मनगट माझ्या नाकापर्यंत आणलं, घड्याळाच्या काचेवर दोनदा बोट मारलं, शरयूकडे पाहून जरा मान झुकवली आणि दार लावून घेतलं. इतक्या सभ्यपणे लावलेलं दार मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर इरकलीची घडी झाली आणि कुकर चढला.

“तुम्ही बसा. गरम आहे तोवर घ्या.”

“आणि तू?”

“मी बसते मागनं. पापड भाजतेय.”

मी जेवलो आणि खिडकीपाशी लिहायला गेलो.

सोमवारी बंद. मंगळवारी आम्ही पावणेदोनला पोचलो, म्हणजे प्रगती होती. पण मादामना प्रगतीशी देणंघेणं नव्हतं. परतताना पावाच्या दुकानातून मी जर्दाळू घातलेले दोन गोड पाव घेतले, एक तिला, एक मला.

“मला गोड आवडत नाही हो,” शरयू म्हणाली. “तुम्हीच घ्या दोन्ही.”

हे मला ठाऊक होतं. आमच्या घरात दोन लाडू उरले तर दुसऱ्याचा वारसदार मीच असतो. यावर मी एकदा सदरही लिहिलं होतं: ‘नशीबवान नवरा’. खूप पत्रं आली होती.

बुधवारी पोह्यांनंतर लगेच निघालो. चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावात आणखी एक खानावळ होती. वाटेत एका तळघराच्या दारात मालक उभा होता; चव बघायला बोलावलं, गेलो. मालक माती, उतार, ऊन यांविषयी सांगत होता. मला कळत नव्हतं, पण मी मान डोलवत होतो, आणि मान डोलवली की तो पुढच्या पिंपाकडे जायचा. शरयू बाहेर बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी वर आलो तेव्हा म्हणाली, “दीड वाजला.”

“पण काय सुंदर माणूस होता.”

“असेल. बसून जेवला असेल तो.”

गुरुवारी लेखाला सुरुवात करायची असल्यामुळे घरीच राहणं बरं, असं मी ठरवलं. दुपारी मुक्ताचा फोन आला. फोनवर आईशी बोलली, मग मला मागितलं.

“बाबा, अजून एकदाही नाही?”

“योग यावा लागतो.”

“योग बाराला येतो आणि दीडला जातो. मी उद्याचं टेबल सांगून ठेवलंय, दोघांचं. आईला मांस-मासे चालत नाहीत, अंडं चालतं, हेही सांगितलंय. बारा म्हणजे बारा, बाबा.”

संध्याकाळी शरयू दाराच्या पायरीवर बसून कोथिंबिरीसारखी दिसणारी कुठलीशी भाजी निवडत होती.

“उद्या बाराला,” ती म्हणाली.

“बाराला.”

“मला एकदा बसून जेवायचंय. दुसऱ्या कुणी केलेलं. एकदाच. परवा निघायचंच आहे.”

“मी शब्द दिलाय.”

“तो शनिवारीच दिलात. मी बाराला तिथे असेन. तुम्ही आलात तर आलात.”

हे शेवटचं वाक्य मला फारच आवडलं. मी ते वहीत टिपून ठेवलं.

तर शुक्रवार. ते पहिलं झकास वाक्य लिहून झाल्यावर पुढचं सुचायला लागलं. फ्रेंच माणूस जेवणाला कसं देवासारखं मानतो, असा परिच्छेद रंगात आला होता. मागे साडीची सळसळ झाली.

“अहो.”

“हं.”

“साडेअकरा झाले. पोहे केले नाहीत आज, तिकडे जेवायचं म्हणून.”

“बरं.”

“निघायचं ना?”

“एवढं एक वाक्य.”

थोडा वेळ गेला.

“मी होते पुढे.”

“हो हो. आलोच.”

ते एक वाक्य चांगलंच लांबलं. त्याला पोटवाक्यं फुटली. पोटात आवाज झाला म्हणून मी मान वर केली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते.

“शरयू, चहा टाकतेस?”

घरात कुणी नव्हतं. कुकर धुऊन पालथा घातलेला. हँगर रिकामा. दाराशी तिच्या चपला नाहीत. तिचा फोन टेबलावर, फोनशेजारी रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी.

आता ही बाई मिरजेत एकटी बँकेत जाते, दवाखान्यात जाते, शेजारच्या दोन घरांमधलं भांडण मिटवून येते. पण हॉटेलात एकटी कधी शिरलेली नाही. चहा प्यायलासुद्धा नाही. त्यामुळे ती खानावळीत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, ती चिडून चालत सुटली. मग वाटलं, वाट चुकली. तिला फ्रेंच येत नाही, गावाचं नाव उच्चारता येत नाही, गोळी घेतलेली नाही आणि डोक्यावर ऊन.

मी तसाच सदऱ्यावर बाहेर पडलो. चर्चमध्ये पाहिलं. मग द्राक्षांत शिरलो. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी उभा राहून हाक मारली. एका रांगेतून ट्रॅक्टर आला. वरच्या माणसानं इंजिन बंद करून माझ्याकडे पाहिलं, मी काही मागत नाही असं बघून पुन्हा चालू केलं आणि गेला. चाळीस वर्षांत मी तिला कधी शोधलं नव्हतं. शोधायची वेळच आली नव्हती. जिथे हाक मारीन तिथून ओ यायची.

पावाच्या दुकानात धापा टाकत गेलो. दुकानदारीणबाईंना मी खांद्यावरून पदर घेऊन दाखवला. त्यांनी मला टॉवेल दिला. मग मी निऱ्या करून दाखवल्या, कपाळावर कुंकू टेकवलं. बाईंचा चेहरा उजळला.

“आ, मादाम शरयू.”

मी गार पडलो. शरयू रोज सकाळी मी झोपेत असताना पाव आणायला इथे येत होती, हे मला माहीत होतं. पाव आपोआप येत नाही. पण तिला इथे नाव आहे, हे माहीत नव्हतं. मला सहा दिवसांत कुणी नाव विचारलं नव्हतं. बाईंनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, मग बोटानं खानावळीची दिशा दाखवली, आणि माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं.

खानावळीच्या काचेशी पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. दारावरची पाटी अजून ‘उघडं’ अशीच होती. मी दाराच्या मुठीला हात घातला. आणि तो तिथेच राहिला.

खिडकीजवळच्या टेबलाशी शरयू बसली होती. पाठ खुर्चीला पूर्ण टेकवून. समोरच्या खुर्चीवर, म्हणजे माझ्या खुर्चीवर, तिची पर्स ठेवलेली होती. पर्स वेळेवर पोचली होती.

सूपची रिकामी वाटी बाजूला होती; तिच्यापुढे आता मशरूम घातलेलं ऑम्लेट होतं, वर हिरव्या पानांचा चुरा, शेजारी सायीत भाजलेला बटाटा. वाफ येत होती. ती काट्यानं एक तुकडा तोडायची, जरा फुंकर घालायची, तोंडात घालायची आणि चावताना खिडकीबाहेर कुठेतरी बघायची. सावकाश. कडेकडेनं खात ती मधला सगळ्यात मऊ भाग शेवटाला ठेवत होती. एखादा घास मनासारखा लागला की तिची डावी भुवई किंचित वर जायची. वाइनचा पेला होता. तिनं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, पेला खाली ठेवला आणि जरा थांबून पुन्हा घेतला. शेवटी पावाच्या तुकड्यानं ताटली पुसून घेतली, भाकरीनं पुसावी तशी.

मादाम आल्या, ताटली नेली आणि पांढरा खोल वाडगा आणून ठेवला. दुधाच्या पिवळसर कस्टर्डवर अंड्याच्या फेसाचा ढग, वर साखरेच्या पाकाची तांबूस तार. गोडच. निव्वळ गोड. आता ती ‘नको हो’ म्हणणार, वाडगा सरकवणार, हे मला इतकं पाठ होतं की माझाच हात जरासा पुढे झाला.

शरयूनं पदर खोचला आणि वाडगा जवळ ओढला. पहिला चमचा तोंडात गेल्यावर तिनं डोळे मिटले. मग ती थांबली नाही. चमचा वाडग्याच्या कडेनं फिरला, तळाशी फिरला, पाकाची शेवटची रेघही उचलली गेली. मादामनी लांबूनच भुवया उंचावून विचारलं. शरयूनं मान डोलवली. दुसरा वाडगा आला.

मी काचेबाहेर उभा राहून विचार करत होतो की मला एवढं हादरायला काय झालंय. बायको जेवतेय. त्यात बघण्यासारखं काय आहे? मग मन मागे मागे जायला लागलं. मिरजेतलं स्वयंपाकघर: मी पानावर, ती तव्याशी. मुक्ताकडचं टेबल: बसलेली, पण वाढायला अर्धी उठलेली. लग्नाच्या पंगती: मी पहिल्या पंगतीत, ती वाढप्यांत. मी तिला भांडताना पाहिलं होतं, झोपलेलं पाहिलं होतं, तापात बडबडताना पाहिलं होतं. ती भुवई अशी वर जाते हे मी कधीच पाहिलं नव्हतं.

मादामना मी दिसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मनगटाकडे पाहिलं. दीड वाजला होता. त्या दारापर्यंत आल्या आणि माझ्या डोळ्यांदेखत, काचेच्या पलीकडून, पाटी उलटी केली.

मी समोरच्या बाकावर जाऊन बसलो.

शरयू बाहेर आली तेव्हा दोन वाजत आले होते. मादाम दारापर्यंत सोडायला आल्या. दोघींनी एकमेकींचे हात हातात घेतले आणि एक मराठीत, एक फ्रेंचमध्ये, बराच वेळ बोलत राहिल्या. मध्ये एकदा दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं.

ती रस्ता ओलांडून आली.

“कधीचे बसलायत?”

“दीडपासून.”

“आत का नाही आलात?”

“दीडनंतर घेत नाहीत.”

“हो, तशी शिस्तच आहे त्यांची,” ती म्हणाली आणि बाकावर माझ्याशेजारी बसली. पर्स मांडीवर घेतली.

“गोळी घेतली नाहीस.”

“पर्समध्ये असते एक.”

मी चष्मा पुसून परत लावला.

“कसं होतं जेवण?” मी विचारलं.

तिनं विचार केला. “गरम होतं.”

तो लेख पुढे छापून आला, लोकांना आवडलाही. त्यात मादाम गियोंच्या खानावळीबद्दल तेवढे दोनच शब्द आहेत. संपादकांनी विचारलं होतं, आणखी काही लिहा ना. मी म्हटलं, आणखी मला माहीत नाही.

“तुला गोड आवडतं,” मी म्हणालो.

“हो.”

“मग इतकी वर्षं ‘आवडत नाही, आवडत नाही’ काय?”

“दोन उरायचे. एक खाऊन तुम्ही दुसऱ्याकडे बघत बसायचात.”

त्या बाकावर बसल्या बसल्या मी काहीतरी तयार केलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणाची खोड न काढणारं. मी तिच्याकडे वळलो.

“शरयू, माझा सगळा जन्म लोकांकडे निरखून बघण्यात गेला. त्यावरच पोट भरलं. आणि तू जेवताना कशी दिसतेस, हे मी आज पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. काचेबाहेरून.”

ती माझ्याकडे वळली. एकटक बघत राहिली. मला वाटलं, आता हिचे डोळे भरणार. मी खिशातला रुमाल चाचपला.

ती उन्हाच्या बाजूला सरकली, चेहरा माझ्या चष्म्यापाशी आणला आणि ओठ वर करून सगळे दात दाखवले.

“मग आता जवळून बघा,” ती म्हणाली. “पुढच्या दातात ते हिरवं काहीतरी अडकलंय का? मघापासून जिभेला लागतंय.”